अठरा गिअर आणि एक आवाज

माझ्या मालकीच्या सगळ्या वस्तू माळ्यावर राहतात. पोट कमी करणारा पट्टा आहे, दोन तारा उरलेली गिटार आहे, मासे गेल्यावर मागे राहिलेली काचेची पेटी आहे आणि एक दुर्बीण आहे. तिच्यातून मी चंद्र एकदा पाहिला आणि समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ दाढी करताना सात-आठ वेळा पाहिले. पुढे त्यांनी पडदा लावला आणि दुर्बीण माळ्यावर गेली.

त्यामुळे मी डोंगर चढायची सायकल घरी आणली, तेव्हा बायको थेट माळ्याखाली गेली. तिने स्टूल ओढलं, वर चढली, हाताच्या वितीने माळा मोजला आणि खाली उतरून म्हणाली, "पुढचं चाक काढलं तर मावेल."

मी दुखावलो. सायकल कोरी होती. अठरा गिअर, पुढच्या चाकावर धक्के खाणारे दोन जाडजूड दांडे, चकतीचे ब्रेक आणि टायरांवर कोवळे रबरी केससुद्धा शाबूत. अजून तिची इमारतीभोवती एक फेरीही झाली नव्हती आणि हिने तिच्या अंत्यविधीची जागा मोजूनही ठेवली. या घरात जे जे चालतं ते हिचं आहे आणि जे जे बंद आहे ते माझं, ही गोष्ट वयाच्या बावन्नाव्या वर्षी मला अचानक बोचली.

"ही माळ्यावर जाणार नाही," मी म्हणालो.

"पट्ट्याच्या वेळीही हेच म्हणाला होतात."

"लिहून देतो."

लिहून देणं हा माझा प्रांत आहे. आमच्या ऑफिसात मी रेकॉर्ड रूमचा प्रमुख आहे. प्रमुख म्हणजे तिथे दुसरं कोणी नाही. तेवीस वर्षं त्या खोलीच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. सात किल्ल्या आणि एक पितळी बिल्ला. किल्ल्या सदैव अंगावर बाळगाव्यात, असा नियम आहे आणि तो नियम अख्ख्या ऑफिसात मी एकटा पाळतो. आंघोळीच्या वेळी त्या बाथरूमच्या खुंटीला असतात, एरवी माझ्या कमरेच्या पट्ट्याला. साहेब अकरा बदलले, किल्ल्या बदललेल्या नाहीत. असो. सांगायचा मुद्दा, कागद कसा करावा हे मला कळतं.

मी रीतसर करार केला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत सायकलने चढेन, वाटेत पाय जमिनीला लावणार नाही. जमलं तर सायकल खाली पार्किंगमध्ये सन्मानाने राहील आणि तिच्याबद्दल टोमणे बंद. नाही जमलं तर सायकल माझ्या मेव्हण्याला. हे शेवटचं कलम हिने घातलं. मेव्हणा आदल्याच दिवशी येऊन, न विचारता सीटवर बसून, "भाऊजी, तुम्हाला जरा उंचच पडते ही," असं म्हणून गेला होता. मी कागदाच्या दोन प्रती केल्या, ऑफिसात नेऊन त्यांवर जावक क्रमांक टाकला आणि फायलीला लावल्या. फायलीला लागलेला कागद म्हणजे दगडावरची रेघ.

पहिल्या फेरीला निघालो. सकाळ छान होती, सायकल छान होती, मी बरा होतो. दहा पावलं गेलो आणि टक.

पुन्हा पेडल फिरलं. टक.

आवाज मोठा नव्हता. कोणीतरी शेजारच्या खोलीत नाणं ठेवावं तेवढाच. पण पेडलच्या दर फेऱ्याला एकदा, उजवा पाय वर आला की हमखास. पेडल थांबवलं की आवाज बंद. जोरात मारलं की आवाज मोठा. कोऱ्या सायकलला आवाज येणं म्हणजे कोऱ्या शर्टाला डाग असणं. फरक इतकाच, की शर्ट दुकानदार बदलून देतो.

दुकानात नेण्याआधी सायकल ठेवायची कुठे, हा प्रश्न उभा राहिला. आमच्या इमारतीला एक समिती आहे आणि समितीला एक सेक्रेटरी आहेत. समितीत इतर कोण आहे हे सेक्रेटरींनाच ठाऊक. त्यांनी मला पार्किंगचा फॉर्म दिला. त्यात 'वाहन क्रमांक' असा रकाना होता.

"सायकलला नंबर नसतो," मी म्हणालो.

"मग ते वाहन नाही."

"बरं, मग फॉर्म नको."

"वाहन नसेल तर पार्किंगमध्ये ठेवता येणार नाही. ती अडगळ झाली. अडगळ आपापल्या माळ्यावर ठेवायची."

हा माणूस माझ्या बायकोशी आधी बोलून आला होता की काय, असा मला संशय आला. लिफ्टमध्ये सायकल न्यायला बंदी होती. घर चौथ्या मजल्यावर. तेव्हा माझ्या मदतीला तळमजल्यावरचे निवृत्त बॉयलर इन्स्पेक्टर धावून आले. त्यांना सगळे काका म्हणतात आणि जगातल्या प्रत्येक यंत्राकडे ते बॉयलर म्हणून पाहतात. ते म्हणाले, प्रत्येक सायकलच्या पोटाखाली, पेडल जोडतात तिथे, नंबर कोरलेला असतो. मला आनंद झाला. आपल्या सायकलला नंबर आहे हे कळल्यावर आपली मुलगी वर्गात पहिली आल्यासारखं वाटलं.

नंबर वाचायला सायकल उलटी करावी लागली. चाकं वर, हँडल खाली. पण नुसतं मी वाचून चालणार नव्हतं. सेक्रेटरींनी तो स्वतः, दोन सभासदांसमक्ष पडताळायला हवा. सेक्रेटरी आले, तर चष्मा वर राहिलेला. चष्म्याला गेले, तर फोन आला. फोन संपला तोवर दोघांपैकी एक सभासद दूध तापत ठेवलंय म्हणून निघून गेला. पाऊण तास सायकल पालथी पडून होती. दुसऱ्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण जिन्यातून उतरता उतरता थबकली आणि हळू आवाजात म्हणाली, "काय हो, कधी झालं?"

अखेर नंबर मिळाला. सेक्रेटरींनी तो फॉर्मवर लिहिला आणि मला मोटारीच्या काचेला लावायचं तळहाताएवढं स्टिकर दिलं. ते दर्शनी भागावर लावणं सक्तीचं होतं. सायकलला काच नसते, हे मी सांगायच्या भानगडीत पडलो नाही. नाहीतर काच बसवण्याचा फॉर्म निघाला असता. पुठ्ठ्यावर चिकटवून हँडलला दोऱ्याने बांधलं. त्यावर लिहिलं होतं, 'अभ्यागत नाही'.

मग सायकल सरळ केली, ब्रेक दाबला, तर दांडी हँडलपर्यंत सपशेल आत आली. हातात लोणी आल्यासारखा ब्रेक. सायकलीवर न बसताच मी ब्रेक मोडला होता. असा विक्रम दुर्बिणीच्या बाबतीतही मला जमला नव्हता.

दुकानातला मेकॅनिक थंड डोक्याचा होता. त्याने विचारलं, "उलटी करून ठेवली होती का?"

"पाऊण तास."

"का?"

मी सगळं सांगितलं. त्याने ते संपूर्ण ऐकून घेतलं, हा त्याचा मोठेपणा. मग म्हणाला, या ब्रेकमध्ये तेल असतं, तेलाच्या डबीत थोडी हवा असते, सायकल उलटी राहिली की हवा नळीत जाते. त्याने हवा काढली. ब्रेक कडक झाला.

"आणि आवाज?" मी म्हणालो. "दर फेऱ्याला टक असा आवाज येतो."

त्याने सायकल स्टँडवर चढवली आणि हाताने पेडल फिरवलं. आवाज नाही. बाहेर नेऊन स्वतः दोन चकरा मारल्या. आवाज नाही. गिअर बदलून, उभं राहून, हात सोडून चालवली. सायकल मुकाट्यानेच फिरली.

"काही नाही हो साहेब," तो म्हणाला.

आजारी माणसाला डॉक्टरसमोर गेल्यावर बरं वाटतं, तसलाच प्रकार. मी तिथेच बसलो आणि दुकानासमोर चक्कर मारली. टक, टक, टक. "ऐक," मी त्याला म्हणालो. पण तेवढ्यात एक ट्रक गेला. मेकॅनिकने मला एक प्रेमळ हसू दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्या हसण्याचा अर्थ मला कळतो. रेकॉर्ड रूममध्ये मी ते रोज लोकांना देतो.

आता इमारतीतच न्याय मिळवणं भाग होतं. मी सल्ला मागितला नव्हता, पण सल्ला हा मागून मिळत नाही, तो अंगावर येतो. एकाने सीटचा दांडा ग्रीस लावून बसवायला सांगितला, दुसऱ्याने तेच ग्रीस पुसायला सांगितलं. मी दोन्ही केलं. साखळीची प्रत्येक कडी तपासली. स्पोक एकेक करून दाबले. पेडलं काढली आणि लावली. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे कळेपर्यंत पान्हा दोनदा नडगीवर बसला. डॉक्टरीणबाईंनी मला जिन्यात आ करायला लावला. जोर लावताना काहींचा जबडा वाजतो म्हणे. माझा वाजत नव्हता. त्या जराशा नाराज झाल्या.

काकांनी मात्र प्रश्न शास्त्रशुद्ध हाताळला. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं एक टोक कानाला लावलं, दुसरं सायकलला आणि माझ्या बरोबरीने धावत सुटले. वीस पावलांनंतर त्यांना धाप लागली. भिंतीच्या आधाराने उभं राहून ते म्हणाले, "ब्रेकच्या चकतीतून येतोय. लोखंडावर लोखंड घासतंय. तेल पाहिजे."

"खात्री आहे?"

"चौतीस वर्षं बॉयलर ऐकलेत."

काकूंच्या शिवणयंत्राची सुईसारख्या तोटीची डबी आली आणि काकांनी दोन्ही चकत्यांना, अगदी लहान मुलाच्या टाळूला घालावं तसं, हलक्या हाताने तेल घातलं. चकत्या चमकू लागल्या. आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत उभे राहिलो. मला वाटतं, त्या क्षणी आमच्या इमारतीत आमच्याइतके समाधानी पुरुष कोणी नव्हते.

पार्किंगमध्ये जायला आमच्याकडे एक उतार आहे. त्याच संध्याकाळी सगळ्या सभासदांची सभा पार्किंगमध्ये भरली होती. साठेक खुर्च्या, समोर टेबल, टेबलामागे सेक्रेटरी. मी उताराच्या टोकावर आलो, ब्रेक दाबला आणि सायकलचा वेग वाढला. दांडी कडक होती, चकती गुळगुळीत होती आणि मी खाली निघालो होतो. ओरडायचं मला सुचलं नाही. सभेत मध्येच ओरडणं मला बरं वाटत नाही.

मागच्या रांगेने वाट दिली. मधल्या रांगेला वेळ मिळाला नाही. तीन खुर्च्या, एक टेबल आणि पाण्याचा एक जग घेऊन मी सेक्रेटरींच्या पायाशी थांबलो. कोणाला लागलं नाही. माझा चष्मा डॉक्टरीणबाईंच्या मांडीत सापडला. सेक्रेटरींनी ओल्या कागदावरून पुढचा विषय वाचला: "विषय क्रमांक चार. सायकलींचा उपद्रव." सभेच्या इतिवृत्तात आजही नोंद आहे, की अमुक सदनिकेचे सभासद सभेस सायकलसह उपस्थित होते.

खरचटलेलं कोपर घेऊन मी घरी गेलो. ही दार उघडून उभीच होती. ही नेहमीच उभी असते. मी तिसऱ्या मजल्यावर पोचतो तेव्हा आत चहाचं आधण पडतं. ते हिला कसं कळतं, याचा मी कधी विचार केला नव्हता. कोपर धुता धुता ती म्हणाली, "एवढा सगळा खटाटोप कशासाठी?"

"आवाजासाठी."

"येईना का आवाज. सायकल चालते ना?"

हा बायकी दृष्टिकोन आहे, असं मी म्हणालो. तिने कापूस जरा जोरात दाबला.

मेकॅनिकने चकत्या स्पिरिटने पुसल्या, ब्रेकच्या आतल्या गाद्या बदलल्या आणि पुन्हा तेच हसू दिलं. या वेळी त्यात काळजीही होती. काकांनी चार दिवस जिन्यात माझी नजर टाळली. मग शेवटचा रविवार आला.

टेकडी आमच्या मागच्या रस्त्याला लागूनच आहे. रस्ता तीन वळणांचा, वर सिमेंटची गोल टाकी. मेव्हणा मोटार घेऊन हजर होता. टपावर बांधायला त्याने दोरखंडही आणला होता. मी दोरखंडाकडे पाहिलं नाही. ही पर्स आणि छत्री घेऊन निघाली. साक्षीदार म्हणून ती शेजारून चालणार होती.

पहिलं वळण मी सहज काढलं. ही मागे पडली. दुसऱ्या वळणावर ती माझ्या बरोबरीला आली. तिसऱ्या चढावर ती पुढे जाऊ नये म्हणून हळू चालत होती. मी सगळ्यात हलक्या गिअरवर होतो. पाय भरभर फिरत होते, सायकल मात्र तिथल्या तिथे. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. खरं सांगतो, मला रडू येत होतं. टाकी दिसत होती. शंभर पावलं राहिली होती. आयुष्यात एक गोष्ट, फक्त एक, शेवटपर्यंत न्यायची होती आणि त्या शांत टेकडीवर तो मेला आवाज माझी पाठ सोडत नव्हता. टक. टक. टक.

"हा आवाज?" ही म्हणाली. "यासाठी तुम्ही महिनाभर सायकल सोलताय?"

मी मान हलवली. बोलायला दम नव्हता.

"अहो, हा तर तुमचाच आवाज आहे."

मी तिच्याकडे पाहिलं.

"तुमच्या किल्ल्यांचा. उजवा पाय उचलला की किल्ल्या वर जातात आणि खाली येताना बिल्ला आपटतो त्यांच्यावर. रोज संध्याकाळी जिना चढताना ऐकते मी. त्यावरच तर चहा टाकते."

मी खाली बघितलं. पट्ट्याला सात किल्ल्या आणि पितळी बिल्ला. उजवी मांडी वर आली, बिल्ला उडाला, पडला. टक.

आणि बघताना मी पेडल मारायचा थांबलो. थांबलेली सायकल उभी राहत नाही. माझा पाय जमिनीला टेकला.

मेव्हणा मोटारीतून मागून येत होता. त्याने खाली उतरून माझ्या बुटाकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं. "टेकला," तो म्हणाला. आवाजात आनंद दाबण्याचा त्याने प्रयत्न केला, हे मी नाकारणार नाही. "भाऊजी, करार म्हणजे करार. तुम्हीच जावक क्रमांक टाकलाय."

मी मान खाली घातली. कागदापुढे मी कधी वाद घातलेला नाही. महिनाभर मी मेकॅनिकला विचारलं, काकांना विचारलं, दाताच्या डॉक्टरला विचारलं. जिच्या कानात हा आवाज तेवीस वर्षं घर करून होता, तिला एकदाही विचारलं नव्हतं. उलट बायकी दृष्टिकोन म्हणालो. मला सायकलीपेक्षा त्याची लाज वाटली आणि मी तसं तिला सांगितलं, मेव्हण्यासमोर सांगितलं. मग सायकल त्याच्याकडे सरकवली.

"थांब," ही भावाला म्हणाली. "त्या करारावर माझी सही कुठे आहे?"

मेव्हणा माझ्याकडे बघू लागला. मी आठवू लागलो. दोन प्रती. माझी सही. तारीख. जावक क्रमांक. फाईल. तेवीस वर्षांत दुसऱ्या पक्षाच्या सहीशिवाय एक कागद मी फायलीला लावू दिला नव्हता. हा एक लावला होता.

"नाहीये," मी म्हणालो.

"कागद पुढे केलातच नाही तुम्ही. गेलात घेऊन ऑफिसात." तिने छत्री मिटली. "मीही आठवण केली नाही. म्हटलं, बघू तरी काय करतात." मग भावाला म्हणाली, "दोर गुंडाळ आणि घरी जा. जेवायला ये दुपारी." आणि माझ्यापुढे हात केला. "द्या त्या किल्ल्या."

नियम असा आहे, की किल्ल्या कोणाच्या हाती देऊ नयेत. साहेबांच्याही नाही. मी पट्ट्याचा आकडा काढला आणि त्या तिच्या हातात दिल्या. तिने त्या पर्सच्या पट्ट्याला अडकवल्या. कमरेला इतकं हलकं वाटलं, की आधी तोल सावरावा लागला.

उरलेली शंभर पावलं मी चढलो. सायकल एका शब्दाने बोलली नाही. टाकीला हात लावला, गोल फिरलो आणि खाली यायला लागलो. ही तोवर परत वळून उतरायला लागली होती. मी तिला ओलांडून पुढे झालो.

उतार सरळ होता, ब्रेक उत्तम होते. सोडली असती तर सायकल दोन मिनिटांत घरी पोचली असती. मागून हिच्या चालीचा आवाज येत होता. टक. टक. टक. मी ब्रेक धरूनच ठेवला आणि तो ऐकू येईल इतक्याच अंतराने खाली उतरत राहिलो.